बापूंची सगळी मंडळी

बापूंच्या हातात माईक गेला की भटजी मनगटावरचं घड्याळ काढून सरळ पिशवीत टाकत. पत्रिकेत मुहूर्त कितीचाही छापलेला असो, बापूंच्या तोंडून पाहुण्यांचं स्वागत पूर्ण झाल्याशिवाय अक्षता पडत नसत. आष्टा आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांत निवेदन करायची त्यांना भारी हौस. आवाज खणखणीत, बोलणं गोड. आपल्याकडे सरपंच, चेअरमन, संचालक, नवरदेवाचे मामा आणि फार तर मामांचे व्याही एवढी नावं झाली की दुसरा कुठलाही निवेदक थांबतो. बापू तिथून सुरू होत. मांडवाचे खांब पुरवणारे, आचाऱ्याच्या हाताखालचे, घोडीवाले, आणि एकदा तर घोडीसुद्धा. ती बिचारी सकाळपासून उन्हात उभी होती, तिचं नाव घेतलं तर बिघडलं कुठं, असं त्यांचं म्हणणं.

एवढं करून शेवटी माईकवरून विचारायचे, "कोण राहिलं काय? राहिलं आसंल तर हात वर करा, लाजू नका." आणि लोक खरंच हात वर करत. एका लग्नात नवरदेव उभा राहून राहून घेरी येऊन खालीच बसला. त्याला लिंबूसरबत पाजून उभा केला. बापूंनी तेवढ्यात सरबत आणणाऱ्याचं नाव विचारून घेतलं आणि त्याचंही स्वागत केलं.

हा माणूस माझा साहेब होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत खाली लेथ मशिनचं वर्कशॉप आणि वर आमचं ऑफिस. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर चालणारा प्रोग्राम आम्ही करायचो, म्हणजे बापूंनीच केलेला होता. माधवनगरच्या मिलमधली कॉम्प्युटरची नोकरी सुटल्यावर ते इथं आले आणि पहिल्या ओळीपासून सगळा प्रोग्राम एकट्यानं लिहिला. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, रिकामी परतली की ते वजा करायचं आणि शेतकऱ्याच्या नावाची पावती छापायची. बापू त्या प्रोग्रामबद्दल असं बोलायचे की नवख्याला वाटावं, घरातल्या थोरल्या लेकाबद्दल बोलताहेत.

मी साताऱ्याची. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आमच्या घरी "चहा" हे पूर्ण वाक्य असतं आणि "बरं" हे भाषण. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या दिवशी बापूंनी माझी जी ओळख करून द्यायला सुरुवात केली, त्यानं माझा जीव मेटाकुटीला आला. ऑफिसातले झाले, मग खाली वर्कशॉपमध्ये नेलं, लेथवर काम करणाऱ्या प्रत्येकाशी बोलायला लावलं. मग चहाची गाडी, शेजारचा फौंड्रीवाला, गेटवरचे वॉचमन. वॉचमनकाका जेवायला गेले होते, म्हणून आम्ही त्यांची वाट बघत थांबलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी खुर्चीला टेकले नव्हते. तेव्हापासून मी "सातारकर" झाले, ती शेवटपर्यंत.

दुपारी म्हणाले, "सातारकर, कंपाइल लाव." प्रोग्राम हा माणसानं लिहिलेला मजकूर असतो. तो यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून घ्यावा लागतो, त्याला कंपाइल करणं म्हणतात, आणि ते उतरवण्याचं काम कंपाइलर नावाचा दुसरा प्रोग्राम करतो. मी बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत बसले. बापूंनी टेबलाखालच्या चपला शोधून पायात घातल्या. "तितं काय बघतीस? त्यो काय आत्ता उठत न्हाई. चल, चा पिऊ." आम्ही चहा प्यालो, परत आलो, कंपाइल चालूच. बापू पुन्हा खाली गेले, एकाच्या मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करून आले, तरी चालूच. बाहेरच्या झाडाचा ऊन-सावलीचा खेळ सरकून आमच्या खिडकीतून पार भिंतीवर गेला तेव्हा कुठं ते संपलं. मी केलेला बदल काय, तर पावतीवरचं एक अक्षर.

बापूंना यात काही वावगं वाटत नव्हतं. "येवढा मोठा प्रोग्राम हाय, येळ लागणारच की." कधी म्हणायचे व्होल्टेज कमी आहे. कधी मशिन तापलंय म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे वळवायचे आणि स्वतः घामाघूम होऊन बसायचे. मालक मूळचे भिडस्त, सदान्‌कदा बडीशेप चघळणारे. बापूंच्या आग्रहाखातर त्यांनी नवा कॉम्प्युटर आणला. कंपाइल थोडं लवकर व्हायला लागलं. बापू इतके खूश झाले की त्या आनंदात त्यांनी प्रोग्रामात आणखी भर घातली, आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

त्या वाट बघण्याच्या वेळात मात्र बापू रंगात यायचे. निम्म्या आष्ट्याची मला तोंडओळख झाली ती चहाच्या गाडीपाशी. कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाचा मुलगा लडाखला पोस्टिंगवर आहे, कुणाच्या म्हशीनं कुणाचा मका खाल्ला. मी घड्याळात बघायला लागले की म्हणायचे, "तुला कुटं गाडी गाठायची हाय का सातारकर?" आणि आणखी एक चहा सांगायचे.

मग तो हंगाम आला. कारखाना सुरू होऊन चारच दिवस झाले होते. दोन ट्रॉल्या जोडलेला एक जंगी ट्रॅक्टर काट्यावर चढला, वजन आमच्या प्रोग्रामनं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरलं आणि पावतीच निघेना. प्रोग्राम अडून बसला. काट्यावरचे कदम फोनवर ओरडत होते, "आवं बापू, रांग पार फाट्याच्या पुढं गेलीया. ऊस वाळाय लागलाय. माणसं अंगावर याय लागलीत." चूक सापडली, दोन मिनिटांत मी आकडा बदलला. पण कंपाइल? ते आपल्या चालीनं चाललेलं. कदमांचा दर पाच मिनिटांनी फोन. बापू फोन कानाशी धरून त्यांना धीर देत होते, "झालंच, झालंच," आणि दुसऱ्या हातानं टेबलफॅन मशिनच्या आणखी जवळ सरकवत होते. मला हसावं का रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी मालक आले. बडीशेपेची डबी हातात, पण उघडलेली नव्हती. "बापू, कारखान्यानं निरोप धाडलाय. परत आसं झालं तर पुण्याच्या कंपनीचा प्रोग्राम घेणार म्हणत्यात. आन् त्यो कारखाना गेला, तर बाकीचेबी जातील. मग ह्यो प्रोग्राम ठेवून मी काय करू?" त्या दिवशी बापूंचा डबा तसाच परत गेला. इतकी वर्षं वाढवलेला प्रोग्राम एका रांगेपायी मोडीत निघणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. मला त्यांची कीव आली आणि त्यांच्या कंपाइलचा भयंकर रागही आला. मी ठरवलं, याचा छडा लावायचा.

कंपाइलरला विचारता येतं की बाबा, तुझा वेळ कुठे जातो. मी विचारलं. त्यानं जे उत्तर दिलं ते बघून मी कपाळावर हात मारला. सगळा वेळ एकाच ओळीपाशी जात होता, आणि ती ओळ प्रत्येक फाइलीत पहिली होती.

प्रोग्राम एकाच फाइलीत नसतो, शेकडो फाइलींत विभागलेला असतो. एका फाइलीला दुसरीची गरज लागली तर तिनं वरच्या बाजूला एक ओळ लिहायची, म्हणजे आवतण द्यायचं. मग कंपाइलर ती दुसरी फाइल आणून अथपासून इतिपर्यंत वाचतो. तिनं आणखी कुणाला आवतण दिलेलं असलं तर त्यांनाही आणून वाचतो. बापूंनी "मंडळी" नावाची एक फाइल केली होती आणि तिच्यात प्रोग्रामातल्या यच्चयावत फाइलींना आवतण देऊन ठेवलं होतं. आणि प्रत्येक फाइलीत पहिली ओळ एकच, मंडळींना बोलवा. तारीख छापणारी फाइल पाच-सहा ओळींची. पण तिच्यासाठीसुद्धा कंपाइलर आधी मंडळींतल्या सगळ्यांची ओळख करून घ्यायचा, आणि ती फाइल झाली की सगळं विसरून पुढच्या फाइलीसाठी पुन्हा पहिल्यापासून तेच. त्यातून मंडळींत कुणाचा एक आकडा जरी बदलला, तरी सगळ्या फाइली नव्यानं कराव्या लागायच्या. त्या ट्रॅक्टरच्या वजनाची मर्यादा नेमकी मंडळींतच लिहिलेली होती.

"बापू," मी म्हटलं, "तुम्ही प्रत्येक फाइलीत माईक घेऊन उभे आहात. हे तुमच्या लग्नासारखं झालंय."

"माझं लगीन तर धा मिन्टांत उरकलं हुतं," बापू म्हणाले.

मग मी सगळं समजावून सांगितलं. बापूंना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण त्यांना ते पटवून घ्यायचं नव्हतं. "ज्याला ज्याची गरज, त्यालाच बोलवायचं," मी म्हणाले. "तारखेच्या फाइलीला ट्रॉलीच्या वजनाशी काय करायचंय?"

"आज लागत न्हाई म्हणून उद्याबी लागणार न्हाई व्हय?"

"लागेल तेव्हा बोलवू."

"आन् तवर त्यानं काय भाईर बसायचं?"

"बापू, ती फाइल आहे. तिला काही वाटत नाही."

"तुला काय ठावं," बापू म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पण मालकांची न उघडलेली डबी त्यांनीही पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी येऊन बसले. अट घातली ती एवढीच, काढायचं ते त्यांच्या हातानं. आम्ही एकेक फाइल घेतली. वरची "मंडळी"ची ओळ काढायची आणि खरंच लागतील तेवढीच नावं लिहायची. बापू ओळीवर कर्सर नेऊन ठेवायचे, चष्मा पुसायचे, मग पुटपुटायचे, "माफ करा हां," आणि बटण दाबायचे. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांचं "माफ करा हां" इतकं अंगवळणी पडलं की एक फाइल मी एकटीनं केली तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघालं. बापूंनी ऐकलं आणि मान हलवून पसंती दिली.

ओळी काढल्या तशा चुका धो धो यायला लागल्या. कितीतरी फाइली दुसऱ्याच्या नावावर फुकट जेवत होत्या. हिनं बोलावलेली तिच्या कामाला येत होती, तिचं काम तिसरीच्या पाहुण्यावर चाललं होतं. वरची ओळ निघाली की सगळ्यांची सोंगं उघडी पडायची. बापूंना आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. "बघ, म्हणूनच बोलावलं हुतं. आता बस निस्तरत." निस्तरायला मात्र तेही माझ्याबरोबर बसायचे. कुठली फाइल कुणाच्या जिवावर जगतेय हे त्यांना पडद्याकडे न बघता आठवायचं, आणि त्याचा ते तोराही मिरवायचे. "विचार, विचार. बापूला विचार. आमच्या भावकीतलं हाय समदं."

शेवटची ओळ निघाली त्या दिवशी बापूंनी चहा सांगितला नाही. मालकांना म्हणाले, "झालं तुमच्या मनासारखं," आणि गाडीला किक मारून आष्ट्याला निघून गेले.

परीक्षेची वेळ फार लांब नव्हती. आठवड्याभरातच कदमांचा फोन आला. एका गावाचं नाव एवढं लांबलचक होतं की पावतीवरच्या जागेत मावेना, आणि प्रोग्राम पुन्हा अडून बसला. काट्यावर गाडी, मागे रांग. कदमांच्या आवाजात ऊस वाळायला लागलेला ऐकू येत होता. मालक धावत वर आले. मी गावाच्या नावाची जागा वाढवली आणि बटण दाबलं. मालक भिंतीला टेकून उभे. बापूंनी सवयीप्रमाणे एक चप्पल पायात घातली, दुसरी शोधायला टेबलाखाली वाकले, आणि तोवर कंपाइल होऊन गेलं.

वाकल्या वाकल्याच त्यांनी वर बघितलं. "झालं?"

"झालं."

नवा प्रोग्राम कारखान्यात पोचला, पावती निघाली, रांग हलली. कदम फोनवर म्हणाले, "आवं, मी तंबाखू मळत हुतो, तेवढ्यात झालं की." मालकांनी डबी उघडून सगळ्यांना बडीशेप वाटली आणि खाली वर्कशॉपमध्येही वाटायला गेले. कारखाना राहिला, प्रोग्राम राहिला. मी आनंदानं बापूंकडे बघितलं. ते एका पायात चप्पल घालून खुर्चीवर बसले होते. चहाला जायला निमित्तच उरलं नव्हतं.

"सातारकर," ते म्हणाले, "बस जरा. तुला येक सांगायचं राहिलं."

मी बसले. समोर मोकळा वेळ होता, आणि त्याचं काय करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं.

"मी आसंन सा-सात वर्साचा. गावातल्या थोरल्या घरी लगीन हुतं. बानं आठवडाभर राबून मांडव घातलेला, पाणी भरलेलं, लाकडं फोडलेली. आमी बौद्ध, आमची वस्ती गावाभाईर. पर लग्नादिवशी धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून, मला हाताला धरून बा गेला. मांडवाच्या कडंला हुबं ऱ्हायलो. माईकवर आलेल्यांची नावं घेत हुते. बा मला म्हणला, मांडव आपण घातलाय, आता आपलं नाव घेतील बघ. येकेक नाव झालं की बा पटका नीट करायचा. मग त्यो माईकवाला म्हणला, आणि इतर सर्व. झालं, मंगलाष्टका सुरू."

बापूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगती बसल्या. बा आपला तसाच हुबा. मी म्हणलं, बा, चल की घरला. तर म्हणला, थांब रं. आजून यादी संपली न्हाई."

कंपाइलची वाट बघत घालवलेल्या त्या सगळ्या वेळात बापूंनी मला अख्ख्या आष्ट्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, स्वतःची एवढी एकच ठेवून दिली होती. आमच्या घरात असल्या वेळी बोलायची पद्धतच नाही. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

पाणी पिऊन बापू म्हणाले, "येक ओळ ठिवू देतीस?"

"कसली?"

"येक फाइल करतो. आत काय न्हाई लिवत, रिकामी. समद्या फाइलींत तिला बोलवायचं. काम काय सांगायचं न्हाई तिला. रिकामी म्हंजी वाचाय काय नसणार, येळ जाणार न्हाई. बघ घड्याळ लावून."

"नाव काय द्यायचं?"

"सखाराम. माज्या बाचं नाव."

आम्ही दोघांनी मिळून ती ओळ सगळ्या फाइलींत घातली. संध्याकाळपर्यंत तेच करत होतो. त्यांनी सांगितलं होतं म्हणून मी घड्याळ लावून कंपाइल केलं. काही फरक पडला नव्हता. मग बापूंनी दुसरी चप्पल शोधली आणि मालकांसकट सगळ्यांना चहाला नेलं.

बापू गेल्या उन्हाळ्यात गेले. मालक थकले आणि त्यांनी कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला दिली. आता काट्याचा प्रोग्राम तिकडची मुलं बघतात आणि अडलं तर साताऱ्याला मला व्हिडिओ कॉल लावतात. मागच्या महिन्यात त्यांच्यातला एक हुशार मुलगा आमच्या फाइली एकेक करून तपासत होता. म्हणाला, "मॅडम, ही सखाराम नावाची फाइल तुम्ही सगळीकडे बोलावलीय. उघडून बघितली तर आत एक अक्षर नाही. ती काहीच काम करत नाही. काढून टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "काम त्यांनी आधीच केलंय. आपण नुसतं नाव घ्यायचंय."